तिरफळाचे चिनी भाऊबंद

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात मिठाची बरणी कुणीही उघडावी, तिरफळांची मात्र सासूबाईंनीच. ती मोजून निघतात: बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट रश्श्याला, सात, फार तर आठ. या कंजुषीला कारण आहे. तिरफळाच्या झाडाला खोडापासून काटे, त्यामुळे काढायला गडी सहजी तयार होत नाही. वर पुन्हा फळं वाळवा, ती फुटली की आतली काळी बी निवडून टाका आणि नुसती टरफलं बरणीत भरा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, घरात सुका जवळा आणि कंटाळा. अशाच एका दुपारी लेकीने मोबाईलवर मला मापो टोफू दाखवला. चीनमधल्या सिच्वान प्रांतातला पदार्थ. लालभडक रस्सा, त्यात मऊ टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणि वरून कसलीशी तपकिरी पूड. पूड करण्याआधी ती बाई जे भाजत होती, ते बघून मी चमकले. अगं, ही तर तिरफळं!

अगदी तीच नव्हेत, पण एकाच कुळातली. दोन्ही झाडांचं शास्त्रीय नाव झँथोझायलमनेच सुरू होतं. लिंबू-संत्र्याचे हे दूरचे नातलग. या नात्यापायी सिच्वानच्या त्या फळांना, म्हणजे सिच्वान मिऱ्यांना, अमेरिकेने 1968पासून 2005पर्यंत बंदी घातली होती, कारण काय, तर त्यांच्यामार्फत संत्र्यांच्या बागांना रोग लागेल. जिभेला मुंग्या आणण्याच्या त्यांच्या गुणाला चिनी भाषेत ‘मा’ म्हणतात, मिरचीच्या तिखटाला ‘ला’. आपल्याकडे मुंग्या येतात, पण त्या चवीला वेगळा शब्द नाही, याची मला उगाच थोडी खंत वाटली.

बरणी मागितली, तर सासूबाई म्हणाल्या, “कित्याक व्हयी तुका? बांगडो खंय हा?”

शेजारच्या काकूंचं माहेर गोव्यातलं. त्यांनी कुंपणापलीकडूनच माझी बाजू घेतली. त्यांच्याकडे अळसांद्यांच्या, म्हणजे एका प्रकारच्या चवळीच्या, तोणाकात (रसदार उसळीत) तिरफळं पडतात, तिथे कुठे बांगडा असतो? या मुद्द्यावर मला बारा तिरफळं मिळाली.

टोफू वेंगुर्ल्यात कुठला मिळायला! पनीर घेतलं. त्या रश्श्याला आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची, म्हणजे एका प्रकारच्या वालांची, खारट-तिखट चटणी लागते. तिच्या जागी जवळा कुरकुरीत भाजून लाल मिरचीबरोबर वाटला. हे चिनी नव्हे, कबूल. पण खारट, खोल अशी चव हवी होती आणि ती जवळ्यात आहे. थायलंडात असल्याच बारक्या कोळंबीला आंबवून वाटण करतात. इथवर सगळं ठीक होतं. मग मी बाराच्या बारा तिरफळं भाजून कुटली आणि वरून भुरभुरवली.

आपण तिरफळ ठेचून रश्श्यात सोडतो आणि जेवताना ताटाच्या कडेला काढतो. त्याचा वास घ्यायचा, ते खायचं नसतं. हे मी जन्मभर करत आले आणि नेमकं त्याच दिवशी विसरले. पहिल्या घासाला लिंबाच्या सालीसारखा सुरेख वास, दुसऱ्याला कडसर लाकूड, आणि तिसऱ्याला तोंडात नेमकं काय आहे तेच कळेना. “माझी जीभ निजली गो!” सासूबाई ओरडल्या आणि सोलकढीची वाटी तोंडाला लावली. लेक हसत होती, पण तिचेही शब्द बोबडे येत होते.

पुढच्या वेळी चारच घेतली, पूड चाळून घेतली आणि पनीरऐवजी उकडलेले बटाटे परतले. तांदळाच्या भाकरीबरोबर ते छान लागले. मिरची सिच्वानलाही बाहेरूनच मिळालेली, आपल्यासारखीच, पार अमेरिका खंडातून. त्यांची ती झिणझिणी मात्र त्याआधीची.

ऑगस्टात होड्या पाण्यात गेल्या, बांगडा आला. तिखलं शिजत होतं. सासूबाईंनी बरणीतून सात तिरफळं काढली, क्षणभर थांबल्या आणि आणखी चार काढून माझ्यापुढे ठेवली. “बटाट्यांका,” म्हणाल्या, आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.