आराखड्यात बाजू बदलली तेव्हा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो आणि वेळ तीन तास. दोन निबंध लिहायचे, प्रत्येकी १२५ गुणांचे, हजार ते बाराशे शब्दांचे. पुण्यात मराठी माध्यमाच्या मुलांकडून मी याच पेपरचा सराव करून घेते. वेळेचा हिशोब पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडते: एका निबंधाला ९० मिनिटं, त्यातली २५ आराखड्याला, ६० लिहायला, ५ वाचून काढायला. ६० मिनिटांत ११०० शब्द म्हणजे मिनिटाला साधारण १८ शब्द. या वेगात हात चालत असताना विचार करायला उसंत मिळत नाही, तो आधीच झालेला असावा लागतो. मुलांना हे पटतं, पण दहाव्या मिनिटालाच त्यांचा हात उत्तरपत्रिकेकडे जातो.

त्या शनिवारी विषय दिला होता, ‘दुष्काळी तालुक्यांत उसाच्या लागवडीवर बंदी घालावी’. धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीने चार मिनिटांत कच्च्या पानावर सहा ओळी काढल्या: प्रस्तावना, उसाचा इतिहास, फायदे, तोटे, सरकारचे उपाय, निष्कर्ष. असा आराखडा कुठल्याही पिकाला चालेल. कापसाला, केळीला, हव्या त्याला. त्यात एकही क्रियापद नाही, त्यामुळे वाद घालायला काही हातात येत नाही. तिला म्हटलं, “प्रत्येक ओळीचं पूर्ण वाक्य कर. ज्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकेल असं वाक्य.”

‘तोटे’ हा शब्द गेला आणि वाक्य आलं: ‘ऊस १२ ते १८ महिने शेतात उभा असतो, म्हणून त्याला भर उन्हाळ्यातही पाणी लागतं, नेमकं गावाला प्यायला नसतं तेव्हा.’ त्याच्यापुढे तिने पुरावा लिहिला: एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेने नेलेलं पाणी. दुसरं वाक्य न्यायाचं होतं. कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात मांडलं होतं की महाराष्ट्रात पिकाखालच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रातला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. तिसरं वाक्य भूजलाचं: एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते. आणि शेवटी उदाहरण, अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, जिथे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं.

इथपर्यंत आराखडा ठीक दिसत होता. मी नेहमीची चाचणी लावायला सांगितली: दोन ओळींच्या मध्ये ‘कारण’, ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ यांपैकी एक शब्द बसतो का ते बघ. फक्त ‘शिवाय’ बसत असेल आणि ओळींची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती यादी आहे, युक्तिवाद नाही. तिच्या पहिल्या तीन ओळींत ‘शिवाय’च बसत होता. पण खरी अडचण पाचव्या ओळीत निघाली: ‘काहींच्या मते शेतकऱ्यांचं नुकसान होईल, पण ते योग्य नाही.’

विरोधी बाजू शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दोन ओळींत उरकायची ही खोड जवळजवळ सगळ्यांना असते. त्यामागे भीती असते की समोरच्याचं म्हणणं नीट मांडलं तर आपलं कच्चं दिसेल. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त मांडत, तेही पूर्वपक्ष अशा ताकदीने मांडून की तो पक्ष धरणाऱ्यालाही वाटावं, मला हेच म्हणायचं होतं. मी तिला सांगितलं, “ही ओळ तुझ्या भाषेत नको. ज्याच्या बांधावर ऊस उभा आहे त्याच्या तोंडून लिही.”

ती बराच वेळ पेन धरून बसली. मग एका दमात लिहिलं: ‘उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर आहे, तो आधी ठरतो, कायद्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तरी ऊस कारखान्यालाच जातो. सोयाबीन आणि तुरीला हमीभाव कागदावर आहे, पण बाजारात त्या भावाने घेणारा मिळेलच असं नाही. पाऊस लांबला तर तूर जाते, ऊस तग धरतो. मग मी ऊस लावतो यात माझं काय चुकलं?’

लिहून झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, “मॅडम, याला माझ्याकडे उत्तर नाही.”

घड्याळात अठरावं मिनिट चालू होतं. मला त्या दिवशीची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. हा प्रश्न तिला आठव्या परिच्छेदात भेटला असता तर सातशे शब्द लिहून झालेले असते, आणि मग उरतो तो ‘दोन्ही बाजूंचा समतोल साधला पाहिजे’ हा गुळमुळीत शेवट. परीक्षकाला असा शेवट लगेच ओळखू येतो. आराखड्यात मात्र दावा बदलायची किंमत एक ओळ खोडण्याइतकीच असते.

तिने ती ओळ खोडली. नवी लिहिली: ‘बंदी पिकावर नको, मर्यादा पाण्यावर हवी, आणि ती मर्यादा तेव्हाच टिकेल जेव्हा ज्वारी, तूर, हरभऱ्याच्या खरेदीची खात्री मिळेल.’

यानंतर जे झालं ते तिने स्वतःच पकडलं. हिवरे बाजार बंदीच्या बाजूचा पुरावा म्हणून खाली लिहिलं होतं. तिथे ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, उपलब्ध पाणी किती ते बघते आणि त्यावरून पिकं ठरवते. म्हणजे उसाचा नकार हा पाण्याच्या हिशोबातून आलेला आहे, वरून लादलेला नाही. तेच उदाहरण आता नव्या दाव्याच्या बाजूने उभं राहिलं. तिने पेन्सिलने बाण काढून ते तिसऱ्या परिच्छेदातून सातव्यात नेलं. त्याच्या शेजारी पुरंदर तालुक्यातली विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत लिहिली: पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर माणशी, भूमिहीनालाही हक्क, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. ४ टक्के आणि ७० टक्के हा आकडाही आता नुसता आरोप राहिला नाही, पाणी मोजून का द्यायचं याचं कारण झाला.

उरलेल्या मिनिटांत प्रत्येक परिच्छेदाला शब्द वाटून दिले. प्रस्तावना ९०, पाणी आणि न्याय मिळून ३००, शेतकऱ्याची बाजू पूर्ण २००, तिला उत्तर आणि दोन गावांची उदाहरणं ३५०, अंमलबजावणी १२०, शेवट ८०. उसाच्या इतिहासाला शून्य. तिथे नेहमी घसरण होते, सहकारी साखर कारखानदारीची माहिती पाठ असते आणि ती अडीचशे शब्द खाऊन टाकते. परिच्छेदागणिक एकच पुरावा, आणि तो काय सिद्ध करतो ते कंसात तीन शब्दांत. ज्या उदाहरणापुढे ते तीन शब्द लिहिता येत नाहीत ते काढायचं. लातूरची रेल्वे राहिली, दुसरी दोन उदाहरणं गेली. प्रस्तावनेचं वाक्य सगळ्यात शेवटी ठरवलं, कारण दावा बदलला की पहिलं जुळवलेलं सुरेख वाक्य हमखास आड येतं आणि ते खोडवत नाही.

सव्वीसाव्या मिनिटाला तिने लिहायला घेतलं. अंमलबजावणीच्या ओळीपुढे कच्च्या पानावर प्रश्नचिन्ह तसंच होतं: कालव्याचं पाणी मोजून देता येईल, पण खाजगी विहिरीवर आणि बोअरवर मीटर कोण बसवणार? या प्रश्नाला उत्तर सापडलं नव्हतं. तिने तो लपवला नाही. नवव्या परिच्छेदात सरळ लिहिलं की भूजल मोजल्याशिवाय ही मर्यादा अर्धीच राहील, आणि ते मोजणं ग्रामसभेच्या हाती दिलं तरच विहिरीपर्यंत पोचेल.