सुरूर ते पोलादपूर : एकाच रस्त्याचे दोन स्वभाव

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरला की थोड्याच अंतरावर सुरूर फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळणारा राज्य मार्ग वाई, पाचगणी, महाबळेश्वर, वाडा कुंभरोशी असा जात पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. अंतर साधारण ८० ते ८५ किलोमीटर. कागदावर तो एक रस्ता असला तरी त्याला एका नावानं कुणी हाक मारत नाही. वाईकरांसाठी तो पसरणी घाट, पोलादपूरकरांसाठी आंबेनळी. ही विभागणी अगदी योग्य आहे, कारण महाबळेश्वरच्या पूर्वेचा रस्ता गर्दीनं अडतो आणि पश्चिमेचा पाण्यानं.

सुरूर ते वाई हा टप्पा जेमतेम १२-१३ किलोमीटरचा आणि सपाट. साताऱ्याहून येणाऱ्यांनी सुरूरपर्यंत यायची गरज नाही, पाचवडहून आत वळावं. वाईत कृष्णा ओलांडली की पसरणी गावापासून चढ सुरू होतो. (शाहीर साबळे याच पसरणीचे.) वाई ते पाचगणी सुमारे १२ किलोमीटरमध्ये रस्ता साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त उंची चढतो. चढ एकसारखा असल्यामुळे चांगल्या गाडीला काही वाटत नाही. पण सुट्टीच्या दिवशी भरलेली गाडी आणि चालू एसी घेऊन रांगेत थांबत-थांबत चढायचं म्हटलं की इंजिन तापतं आणि अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांच्या क्लचप्लेटचा वास येऊ लागतो. चढावर थांबताना हँडब्रेक लावा आणि पुढच्या गाडीपासून एक गाडीभर अंतर सोडा. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर आधी एसी बंद करा. घाटमाथ्याजवळ हॅरिसन्स फॉली या पॉइंटच्या बाजूनं धोमचा जलाशय आणि कृष्णेचं खोरं दिसतं. थांबायचंच असेल तर तिथं थांबा, वळणावर गाडी लावू नका.

पाचगणी ते महाबळेश्वर हे १८-१९ किलोमीटर जवळपास पठारावरून जातात. इथं खरा अडसर वेण्णा तलावाचा. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलेल्या या तलावाच्या काठानं रस्ता जातो आणि मे महिन्यात, दिवाळीत नि नाताळात गाड्या तिथं तासन्‌तास उभ्या राहतात. पुढं कोकणात उतरायचं असेल तर या दिवसांत सकाळी आठच्या आत महाबळेश्वर मागं टाकावं.

रस्त्याचा इतिहास उलट्या बाजूनं, म्हणजे कोकणातून वर, वाचला तर जास्त उलगडतो. जावळीच्या खोऱ्यात जायला आणि तिथून खाली महाडकडं उतरायला जुनी वाट पार घाटाची. वाईकडून येणारा वाटसरू रडतोंडीचा घाट उतरून पार गावी येई. चढणाऱ्याला रडकुंडीला आणणारी वाट म्हणून ते नाव. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला, आणि पार घाटावर पहारा बसला. गडाची जागा नकाशावर पाहिली की ती घाटवाटेसाठीच निवडली हे लगेच कळतं. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखान वाईहून इथं आला तो याच डोंगरवाटांनी. पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. आजचा राज्य मार्ग पारमध्ये शिरत नाही, पण कुंभरोशीहून थोडी वाट वाकडी करून तो पूल जरूर पाहावा.

१८२८ च्या सुमाराला गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर इंग्रजांचं हवा खाण्याचं ठिकाण झालं. तेव्हा मुंबईहून येणारे साहेब गलबतानं कोकणात उतरून घाट चढत, त्यामुळं पश्चिमेची बाजू महत्त्वाची होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली तसे पुण्यामार्गे वाई-पसरणी हे सोयीचं झालं. पुढं पुणे-मिरज लोहमार्ग आल्यावर वाठार स्टेशनवर उतरून टांग्यानं वाईमार्गे वर जायची पद्धत पडली. दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाबळेश्वर-पोलादपूर असा गाडीरस्ता काढला गेला. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्ड यांच्या नावावरून तो फिट्झजेराल्ड घाट. तोच आपला आंबेनळी. थोडक्यात, रेल्वेनं या रस्त्याचं तोंड पूर्वेला वळवलं, आणि ते आजही तिकडंच आहे.

आंबेनळीला मी दोन उतारांचा घाट म्हणेन. महाबळेश्वरहून पहिला उतार वाडा कुंभरोशीपर्यंत, कोयनेच्या खोऱ्यात. तिथून प्रतापगड फाट्याजवळ पाणलोटाची धार, म्हणजे दोन खोऱ्यांमधला डोंगरकणा, ओलांडली की दुसरा, थेट सावित्रीच्या खोऱ्यात पोलादपूरकडं. एकूण ४० किलोमीटरमध्ये गाडी सव्वा हजार मीटरहून जास्त खाली येते.

आता पाण्याचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेला तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. माथ्यावर जांभा खडक आहे. तो सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. खाली बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या खडकाचे, थर, त्यांच्यामध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा. मुरलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं, आडवं वाहतं आणि रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या अंगातून बाहेर फुटतं. तिथंच दरड सुटते.

मात्र डोंगराकडून आलेली दरड जेसीबीनं काही तासांत हलवता येते. दरीकडची बाजू खचली की महिने जातात. तसं खचायचं कारण बहुतेकदा तुंबलेली मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणारी वाट, असते. वरून आलेले दगड आणि पाला मोरीच्या तोंडाशी अडकतात, पाणी डांबरावरून दरीकडं जातं आणि भराव पोखरतं. वरचा डांबराचा थर शाबूत दिसतो, खाली पोकळी असते. म्हणून रस्त्याच्या कडेला लांब, रस्त्याला समांतर भेग दिसली तर तिच्या दरीकडच्या बाजूला चाक घालू नये. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीत जागोजाग दरडी आल्या, रस्त्याचे तुकडे वाहून गेले आणि घाट बरेच दिवस बंद राहिला. माझ्या मते, इथं नव्या डांबरीकरणापेक्षा मे महिन्यात प्रत्येक मोरी आणि डोंगराकडचं गटार साफ करणं जास्त मोलाचं आहे.

पावसाळ्यात निघण्याआधी सातारा आणि रायगड, दोन्ही जिल्हा प्रशासनांचे आदेश पाहा. घाटात जिल्ह्याची हद्द बदलते, त्यामुळं एका बाजूनं रस्ता चालू दिसला तरी पुढं अडवलेला असू शकतो. बंद असेल तर पर्याय लांबचेच : उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, नाहीतर पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव. वरंधा घाटावर विसंबू नका, तोही पावसाळ्यात अनेकदा बंद असतो.

उतरताना ज्या गिअरवर हा चढ चढला असता त्याच गिअरवर, दुसऱ्या-तिसऱ्यावर, गाडी ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (लो गिअर). न्यूट्रलवर मुळीच नको. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनर तापतात, पेडल मऊ लागतं आणि खोल जातं. तसं झालं तर रुंद जागा पाहून अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. धुक्यात डिपरवर चालवा, अप्परचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो. जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. पावसात या घाटात फोटोसाठी दरीच्या कडेला गाडी घेऊ नका.

घाटात मोबाइलची रेंज जागोजाग जाते, तेव्हा इंधन महाबळेश्वरलाच भरा आणि घरी फोनही तिथूनच करा. खालून येणार असाल तर हे दोन्ही पोलादपूरला.