कृष्णेवरची सांगली, कृष्णेवरचा पूल

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. दहावीपर्यंत वहीत लाल शाई सगळ्यात जास्त लागायची ती ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’, ‘बाय’ या चिमुकल्या शब्दांवर. आपण मराठी प्रत्यय पाहून प्रेपोझिशन लावतो, तिथंच फसतो.

‘वर’च घ्या. सांगली कृष्णेवर आहे आणि 1929 सालचा आयर्विन पूलही कृष्णेवरच. इंग्रजीत मात्र गाव ‘ऑन द कृष्णा’, पूल ‘ओव्हर द कृष्णा’ आणि कठड्याशी उभे राहून पाणी बघणारे आपण ‘ऑन द ब्रिज’. पुराच्या दिवसांत तर याचा आयता धडा मिळतो. पाणी 35 फुटांवरून 40 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला गेलं, तर ‘रोझ टू फॉर्टी फीट’. वाढ किती झाली ते सांगायचं तर ‘रोझ बाय फाइव्ह फीट’. इथं ‘बाय फॉर्टी’ लिहिणारा पाणी थेट 75 फुटांवर नेतो. धोका पातळीच 45 ची, तेव्हा पुढचं बोलायलाच नको!

‘पर्यंत’ त्याहून फसवं. ‘शुक्रवारपर्यंत वही दे’ यात वही एकदाच द्यायची आहे, शुक्रवार ही फक्त मुदत. म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत मिरजेत राहा’ यात राहणं सलग चालतं. तिथं ‘टिल फ्रायडे’. क्रिया एकदा घडून संपते की चालू राहते, एवढंच बघायचं. ‘तो शुक्रवारपर्यंत येणार नाही’ यातही ‘टिल’च, कारण न येणं तोवर चालूच असतं. आमच्या वर्गातली हुशार मंडळीही या नकारावर घसरायची.

‘पासून’ला दोन वाटा: 1998 पासून ‘सिन्स’, दहा वर्षांपासून ‘फॉर’. शिवाय दोन्हीकडे ‘आय ॲम लिव्हिंग’ चालत नाही, ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं. ही चूक आजही नोकरीच्या अर्जांत सर्रास दिसते.

‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. लग्न तिच्या‘शी’ झालं तरी ‘मॅरीड टू हर’च, ‘विथ’ नाही. आणि सांगलीला पोहोचलो हे ‘रीच्ड सांगली’. मध्ये ‘टू’ घालायचा नाही. ‘अराइव्ह्ड’ वापरलंत तर मात्र गावाला ‘इन’ आणि एसटी स्टँडला ‘ॲट’ लागतो.