द्राक्षांच्या हँड पायमधील पाण्याचा बंदोबस्त

पेरूचे हँड पाय, म्हणजे करंजीसारखे सारण भरून भट्टीत भाजलेले, हातात धरून खायचे छोटे पाय, मनासारखे जमू लागल्यानंतर या हंगामात द्राक्षांकडे वळायचे, असे मी ठरवले होते. नाशिकमध्ये राहून घरी बेकिंग करणारे आपण बहुतेक जण सारणासाठी बाहेरून आलेले सफरचंद घेतो आणि दारात येणारी द्राक्षे मात्र नुसती खाण्यासाठी ठेवतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या बागांमधला माल साधारण जानेवारीपासून येऊ लागतो आणि एप्रिलपर्यंत मिळत राहतो, त्यामुळे एकच सारण वेगवेगळ्या प्रकारे करून पाहण्यास भरपूर अवधी मिळतो. सारणासाठी अखंड घड घेण्याची गरज नाही. घडापासून सुटलेले मणी वेगळे विकायला असतात. ते घट्ट आणि ताजे असतील तर या कामासाठी उत्तम, आणि स्वस्तही पडतात.

पेरू आणि द्राक्ष यांच्यातील मुख्य फरक पेक्टिनचा, म्हणजे फळ शिजवल्यावर सारणाला घट्टपणा देणाऱ्या फळातल्याच घटकाचा, आहे. पेरूमध्ये पेक्टिन मुबलक असल्यामुळे साखर आणि लिंबाचा रस घालून शिजवलेले त्याचे सारण आपोआप आळते आणि पारीत घातल्यावर जागचे हलत नाही. द्राक्षात पेक्टिन कमी आणि पाणी सुमारे ऐंशी टक्के असते. थॉमसन सीडलेस या हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षांचे मणी चिरून, साखर लावून थेट पारीत भरले, तर भट्टीच्या उष्णतेने रस सुटतो आणि पारीचा तळ भाजून घट्ट होण्याआधीच त्यात मुरतो. वरचा भाग सोनेरी दिसतो, पण तळ ओलसर आणि पिठूळ राहतो. म्हणून माझ्या मते द्राक्षाच्या हँड पायमध्ये निम्म्याहून अधिक काम पारीचे नसून रसाचे आहे, आणि तो रस भट्टीत जाण्यापूर्वीच हाताळला पाहिजे.

सध्या मी पुढील पद्धतीवर स्थिरावले आहे. अर्धा किलो मणी धुऊन, पुसून, उभे चिरून त्यांना साठ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस लावून तासभर ठेवायचे. सुटलेला रस गाळून घ्यायचा आणि फक्त तो रस जाड बुडाच्या पातेल्यात एक तृतीयांश होईपर्यंत आटवायचा. फोडी या वेळी आचेवर नसतात, त्यामुळे त्यांचा आकार आणि कच्चा ताजेपणा टिकतो. आटलेला रस थोडा निवल्यावर त्यात गार पाण्यात कालवलेले दोन सपाट चमचे कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा उकळी आणायची. मिश्रण पारदर्शक दिसू लागेपर्यंत थांबणे आवश्यक आहे, कारण कॉर्नफ्लोअर पूर्ण फुलण्यासाठी उकळीच्या जवळचे तापमान लागते. अर्धवट शिजलेले कॉर्नफ्लोअर जिभेला पिठूळ लागते आणि पाणीही धरून ठेवत नाही. त्याउलट, आंबट रसात ते फार वेळ खळखळत ठेवले तर त्याची पकड सैल होते. म्हणून घट्ट होताच गॅस बंद करून फोडी मिसळायच्या आणि सारण पूर्ण गार करायचे.

या सारणात एक भर मला विशेष उपयोगी वाटली: मूठभर बेदाणे बारीक चिरून घालणे. बेदाणा स्वतः वाळवलेले द्राक्षच असल्यामुळे चव परकी वाटत नाही, आणि भट्टीत फोडींमधून जो उरलासुरला रस सुटतो तो बेदाणे शोषून घेतात. शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांचे मणी निम्मे मिसळले तर रंग सुंदर येतो. निव्वळ थॉमसनचे सारण शिजल्यावर फिकट पिवळसर दिसते. मसाल्यांमध्ये मी दालचिनी सोडून दिली आहे, कारण ती द्राक्षाच्या नाजूक वासावर मात करते. थोडी बडीशेप भरड कुटून घातली तर मात्र तो वास उठून येतो.

पारीसाठी प्रमाण पेरूच्या हँड पायचेच आहे: अडीचशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम बिनमिठाचे बटर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा व्हिनेगर आणि साठ ते सत्तर मिलिलिटर बर्फाचे पाणी. बटर मैद्यात पूर्ण चोळून टाकायचे नाही, वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होते आणि तीच वाफ पापुद्रे उचलते. म्हणजे पारीतले पाणी आपल्याला हवे असते आणि सारणातले नको असते. बटर बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते, परंतु लाटण्याच्या दृष्टीने ते वीस अंशांच्या वर गेले की मऊ पडू लागते. जानेवारीत, निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, आपल्या स्वयंपाकघरात हे काम निवांतपणे करता येते. मार्चच्या मध्यानंतर मात्र पहाटेच लाटून घ्यावे, आणि मैदा व लाटणे दोन्ही फ्रीजमध्ये ठेवावीत.

उन्हाळ्याचा विचार करून साट्याच्या करंज्यांची पद्धतही आजमावली. तूप फेसून त्यात कॉर्नफ्लोअर मिसळायचे, तो साटा पोळ्यांवर लावून त्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून लाट्या कापायच्या, हे दिवाळीत आपण करतोच. तुपात पाणी नसल्यामुळे इथे वाफेने पापुद्रे उचलले जात नाहीत. पिठाच्या थरांमध्ये तूप आणि कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप राहतो आणि त्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. भाजल्यावर पारी बटरच्या पारीइतकी फुलत नाही, पण अतिशय खुसखुशीत होते, आणि ओट्यावरच्या उकाड्यात तिला सांभाळणे कितीतरी सोपे जाते. चवीला मला अजूनही बटरची पारी सरस वाटते. एप्रिलसाठी मात्र साटाच योग्य, असे माझे मत झाले आहे.

भरताना पंचेचाळीस ग्रॅमच्या लाटीची सुमारे बारा सेंटिमीटरची पारी आणि तीस ग्रॅम सारण हे प्रमाण नीट बसते. कडेला दूध लावून, आतली हवा बोटांनी बाहेर काढत मिटवायचे आणि मुरड घालायची. काट्याने दाबलेल्या कडेपेक्षा मुरड घातलेली कड उकळत्या सारणापुढे जास्त टिकते, असे मला सातत्याने दिसले आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या पेस्टीला, म्हणजे तिथल्या सारण भरून भाजलेल्या पदार्थाला, 2011 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले, त्यातही कड बाजूने मुरडलेली असणे ही अट आहे. कातण फिरवून केलेली कड दिसते सुबक, पण रसाळ सारणासाठी तिच्यावर विसंबू नये.

मुरड घातल्यावर वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून, वर दोन चिरा देऊन, दूध व किंचित साखरेचा हात फिरवून भाजायला घ्यावेत. ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) दोनशे अंशांवर पूर्ण तापू द्यावा आणि रिकामा ट्रेही आतच तापत ठेवावा. गार पाय तापलेल्या धातूवर गेले की तळ लगेच धरतो. पंचवीस ते तीस मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा चिरांकडे पाहावे: सारण चिरेतून बुडबुडताना दिसले पाहिजे. बाहेर काढल्यावर ते जाळीवरच गार करावेत, ताटात ठेवू नयेत.

पुढची नोंद करवंदांची असेल. मे महिन्यात त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरांतून करवंदे येऊ लागतील. त्यांत पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्यामुळे कॉर्नफ्लोअर पूर्ण वगळता येईल, असा माझा कयास आहे. प्रश्न चिकाचा आणि बियांचा आहे. करवंदे आधी उकळून चाळणीतून गाळावीत की कच्चीच चिरून बिया काढाव्यात, याबाबत ज्यांनी दोन्ही करून पाहिले असेल त्यांनी साखरेच्या प्रमाणासह अवश्य कळवावे.