अडीच तोळे

१७ जानेवारी २०२६, शनिवार, रात्रीचे दहा

दुपारी साडेबाराला बायकोचं गंठण हातात पडलं. बँकेतल्या मॅडमनी सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, गंठण काट्यावर ठेवलं, वजन पावतीवरच्या आकड्याशी ताडून दाखवलं आणि सही घेतली. पाच मिनिटांचं काम. जून २०२३ मध्ये मी ते याच खिडकीवर तारण ठेवलं होतं. रुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि सोलापुरातून अक्कलकोट रोडनं कुंभारीला घरापर्यंत येताना गाडी जरा हळू झाली की हात छातीशी जात होता.

आता माझ्या अंगावर कुणाचं एक पैसा देणं नाही. हे वाक्य मी आत्ता दोनदा वाचलं.

काय काय झालं ते आजच लिहून ठेवतो. अजून चार महिन्यांनी यातलं निम्मं मला विसरावंसं वाटेल.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. त्या वर्षी हातात २८,५०० यायचे. घरभाडं नाही. हे घर आईचं, २००६ साली विडी कामगारांना मिळालेल्या दहा हजार घरांपैकी एक. आपल्या वाट्याचे पैसे तिनं विड्या वळून भरलेत. म्हणजे मला कमी काहीच नव्हतं. घरात आजारपण निघालं नव्हतं, नोकरी गेली नव्हती. लोक कर्जाची कारणं सांगतात तेव्हा मी आजही गप्प बसतो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं एकही कारण नाही. पार्क चौकातल्या खाण्याच्या गाड्यांच्या चौपाटीवर ड्युटीनंतर चौघं थांबलो की "राहू दे, मी देतो" म्हणायचो. ते म्हणताना बरं वाटायचं. सेल लागला की बूट, पुन्हा सेल लागला की घड्याळ. फोन चांगला चालत होता तरी नवा घेतला, हप्त्यावर. २०२३ च्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, एका संध्याकाळी चार हजार रुपये गेले, आणि कशावर गेले ते दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर हजार-बाराशेचाच हिशोब देता आला असता.

क्रेडिट कार्डाचं बिल यायचं त्यात दोन आकडे असायचे. मी फक्त लहान आकडा बघायचो. 'किमान देय रक्कम' भरली की बँकेचा मेसेज यायचा, पैसे मिळाले, आभारी आहोत. मला वाटायचं, झालं, या महिन्याचं मिटलं. जूनमध्ये एका रविवारी पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. एकूण बाकी ९२,०००. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,२२० रुपये नुसतं व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५८० रुपये. मी भरत होतो ४,६००. त्यातले ३,८०० व्याजात आणि करात जात होते आणि मुद्दल फिटत होती ८०० रुपये. त्याच महिन्यात मी कार्डावर नवीन पाच-सहा हजारांची खरेदी करत होतो. आणि मागची बाकी पूर्ण भरली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होतं. हे कार्डाच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. मी ते कधी उघडलंच नव्हतं.

मग बाकीचंही लिहिलं. फोनचे सात हप्ते, २३,८००. ॲपवरून घेतलेलं कर्ज, ३०,०००. पतसंस्था, ७०,०००. मित्राकडून हातउसने, २५,०००. बेरीज २,४०,८००. तोंडाला कोरड पडली. तोवर मला कुणी विचारलं असतं तर मी मनापासून सांगितलं असतं, लाखभर असेल.

त्या रात्री हिला सांगितलं नाही. सांगायला अकरा दिवस लागले, तेही ॲपवाल्यांमुळे. हप्ता थकला तसे त्यांचे फोन सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत यायला लागले. एकदा आमच्या सुपरवायझरला फोन गेला. कर्जाच्या ॲपला आपल्या फोनमधली नावं-नंबर बघायची मुभा नाही आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातच्या नंतर करायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेनं २०२२ सालीच सांगितलेलं आहे. मला ते तेव्हा ठाऊक असतं तर मी निदान तक्रार केली असती. मी नुसता घाबरलो होतो. फोन वाजला की संडासात जाऊन उचलायचो.

हिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. "सांगायचं की हो आधी," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याबरोबर गंठण माझ्यासमोर ठेवलं. तिच्या वडिलांनी लग्नात घातलेलं, अडीच तोळ्यांचं. मी नको म्हणालो तर म्हणाली, "कपाटात पडून काय करतंय? तिकडं साडेतीन टक्के चाललंय."

हिशोब तिचाच बरोबर होता. सोनेतारण वर्षाला साधारण दहा टक्क्यांनी मिळालं. ९२,००० वर महिन्याला ७७० रुपयांच्या आत व्याज. कार्डाची सगळी बाकी एका दिवसात भरली, कार्ड बंद करायचा अर्ज दिला, काही देणं उरलेलं नाही असं पत्र लेखी मागून घेतलं. त्याआधी एकानं "हप्ते थकव, मग बँक पंचावन्न हजारांत मिटवून टाकते" असंही सुचवलं होतं. कारखान्यातल्या अकाउंटंट काकांनी थांबवलं. तसं मिटवलं तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं, असा शेरा पडतो आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलो की तोच शेरा आडवा येतो. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

आता आईबद्दल लिहितो. यातलं खरं काम तिनंच केलंय.

आई अजून विड्या वळते. डोळे अधू झालेत, दिवसाला पाचशेच्या वर होत नाहीत. मांडीवर सूप. त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. पानावर चिमूट तंबाखू पसरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक नखानं आत दाबायचं. पंचवीस झाल्या की एक बंडल, आणि जवळच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ. तिला फारसं लिहिता येत नाही, पण त्या रेघा कधी चुकत नाहीत. कारखान्यात पानं आणि तंबाखू वजनावर मिळतात, विड्या मोजून द्याव्या लागतात, खराब निघालेल्या बाजूला काढतात. चाळीस वर्षं तिनं एक विडी इकडची तिकडे होऊ दिलेली नाही. आणि मी तिच्यासमोर बसून फोनवर बोट फिरवत पैसे उधळत होतो.

तिला कळलं तेव्हा तिनं विचारलं, "रोज किती जातात रं तुझे?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "मग रोज रात्री मला वाचून दाखव. मी बंडलं बांधते तवा."

दोनशे पानी वही आणली. रात्री नऊला आई दिवसाची बंडलं बांधायला बसली की मी समोर बसून वाचायचो. चहा दहा. पेट्रोल शंभर. मिरची भजी तीस. पहिल्या आठवड्यात चौपाटीचे दोनशे साठ वाचताना आवाजच फुटेना. ती काही बोलली नाही, दोऱ्याची गाठ मारत राहिली. तिनं एकदाही "कशाला?" म्हटलेलं नाही, आजतागायत नाही. पण फोन काढून पैसे द्यायची वेळ आली की मला आधी नऊ वाजताचं ते सूप दिसायचं. हे वाचून दाखवावं लागणार. बहुतेक वेळा तेवढ्यानंच हात मागं यायचा. चौपाटीवरचे मित्र दोन महिने रागावले. मग एकानं हळूच सांगितलं की त्याच्याही अंगावर दीड लाख आहे.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये २,१९९ चे बूट मागवले आणि दोन दिवस वहीत लिहिले नाहीत. खोकं कारखान्यातच ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री वाचलं. आईचा हात क्षणभर थांबला. दुसऱ्या दिवशी बूट परत पाठवले.

आधी ॲपचं फेडलं, दोन दिवाळ्यांचा बोनस आणि हिच्या शिवणकामाचे पैसे लावून मित्राचं फेडलं. पतसंस्थेला कारखान्यातले दोघं जामीन होते. ते मिटेपर्यंत कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसायला मला जड जायचं. सोनं शेवटी, कारण त्याचं व्याज सगळ्यांत कमी. कागदावर ते बरोबरच होतं. पण गेल्या वर्षी मेहुण्याच्या लग्नात ही काळ्या मण्यांची साधी पोत घालून उभी होती, आणि तिच्या काकूनं सगळ्यांत विचारलं, "गंठण कुठंय गं?" ही म्हणाली, "उन्हाळ्याचं जड होतं काकू." मी चार पावलांवर पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. त्या लग्नातलं जेवण काय होतं ते मला आठवत नाही, हे वाक्य तेवढं आठवतं.

आज गंठण दिलं तर तिनं आधी तळहातावर घेऊन अंदाजानं तोललं. मग देवापुढं ठेवलं, कुंकू लावलं. घातलं नाही. "उद्या," म्हणाली.

संध्याकाळी पोरीला घेऊन गड्ड्याला, होम मैदानावर गेलो. कालचं शोभेचं दारूकाम बघायचं राहिलं होतं म्हणून ती रुसली होती. तिला मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. बसवलं, मीही बसलो. वरून तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ दिव्यांनी उजळलेलं दिसत होतं. तिनं वर असतानाच विचारलं, "बाबा, हे पण आजीला वाचून दाखवायचं?" म्हटलं, हो.

घरी आलो तेव्हा आई बंडलं बांधत थांबली होती. वही उघडली. पाळणा, दोघांचे एकशे साठ. खारे शेंगदाणे वीस. पोरीच्या बांगड्या चाळीस. वही मिटायला लागलो तर आई दोरा दातात धरूनच म्हणाली,

"आन् पेट्रोल रं?"

राहिलंच होतं. लिहिलं. शंभर.