पायी अंतर

ठाणे स्टेशनच्या पुलावर परवा दुपारी एक पाटी माझ्या खांद्याला घासून गेली. आत सुके बोंबील. पुढच्या दोघांनी नाकाला रुमाल लावला, मी मात्र लोकल सोडून पूर्वेला उतरलो. मामलेदारची तिखट मिसळ नुकतीच झाली होती, कपाळावरचा घामही वाळला नव्हता. पण खाण्याच्या दोन ठिकाणांमध्ये पायी अंतर पडलंच पाहिजे, हा माझा जुना हट्ट. रिक्षाने गेलं की दुसरं खाणं फुकटचं वाटतं. घरचे हसतात. हसोत बापडे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, हे आपण पाहुण्यांना न विचारता सांगतो. चेंदणी हा इथला कोळीवाडा रुळांच्या अलीकडे अर्धा आणि पलीकडे अर्धा, हे सांगायचं राहूनच जातं. पाहुण्याला काय दाखवतो? तलावपाळीची एक फेरी, गडकरी रंगायतन, कौपिनेश्वराचं देऊळ, वाटेत एक वडापाव. तलावांचं शहर ना! खाडी बघायला कोण कुणाला नेतं?

मला आई न्यायची. म्हणजे खाडी बघायला नव्हे, चेंदणीला मासळी घ्यायला. तिची रीत ठरलेली. जिच्याकडून घ्यायचं तिच्या पाटीकडे आधी बघायचंच नाही, शेजारणीच्या पाटीत डोकवायचं. मग सहज वळल्यासारखं करून अंगठ्याने पापलेटचा कल्ला उचलायचा. आत लालभडक असलं तरी तोंड वाकडं. ‘ताजा नाय? काय बोलतेस बाय!’ म्हणत मावशी पाटीवर पाणी शिंपडायची, त्यातले चार थेंब माझ्या चष्म्यावर. भाव तुटला की वर मूठभर कोलंबी पडायची. ती पडेपर्यंत आई पाकीट मिटायची नाही. शाळेत व्यवहार नावाचं काही शिकवतात ते निव्वळ आकडे.

तर मीठबंदर रोडने थेट खाडीपाशी गेलो. ओहोटी होती. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टणाटण उड्या मारत होत्या. होडीच्या सावलीत एक काका जाळं शिवत बसले होते. सुई दातांत, दोरा पायाच्या अंगठ्याला.

“काका, निवट्या खाता का अजून?”

“पूर्वी खायचो. आता पाणी बघताय ना?” त्यांनी सुई काढली. “मावरंसुद्धा धक्क्यावरून आणतात बायका.”

धक्का म्हणजे भाऊचा. खाडी समोर आणि मासळी मुंबईहून. यावर काय बोलायचं ते मला सुचेना. काका पुन्हा जाळ्याकडे वळले.

येताना पाव किलो मांदेली घेतली. भाव केला, पण उगीच, सवय म्हणून.