आधी इन्स्टॉल तर होऊ दे

टर्बो सी म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं जुनं सॉफ्टवेअर. त्यात प्रोग्राम चालवायचा म्हणजे कंट्रोल आणि एफ नाइन, हे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बोटांना वर्षानुवर्षं पाठ आहे. पुढे 64 बिटांची विंडोज आली आणि तिने 16 बिटांचे जुने प्रोग्राम चालवायला साफ नकार दिला. टर्बो सी त्यातलंच. पण सिलॅबस बदलण्यापेक्षा कॉम्प्युटरला फसवणं सोपं, म्हणून लॅबमध्ये डॉसबॉक्स आलं. हा नव्या मशीनच्या पोटात बसून जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम. त्याच्या आत टर्बो सी सुखाने नांदतं, फक्त एक गोम आहे. डॉसबॉक्सच्या लेखी कंट्रोल एफ नाइनचा अर्थ ‘ताबडतोब बंद हो’ असा आहे. पोरगं तासभर खपून मॅट्रिक्सचा गुणाकार लिहितं, मोठ्या आशेने ती दोन बटणं दाबतं आणि निळी खिडकी पिवळ्या अक्षरांसकट गडप होते. एफ टू दाबून सेव्ह केलेलं नसेल तर गुणाकारही गेला.

हा विनोद कुणी मुद्दाम रचलेला नाही. बोरलँड या कंपनीने टर्बो सी काढलं 1987 साली, डॉसबॉक्स आलं या शतकात, तेही जुने गेम खेळता यावेत म्हणून. या दोघांची गाठ आपल्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पडेल, असं दोन्हीकडच्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरचं काहीही अडलं की फोन मला येतो. भाचा डिप्लोमाला गेल्यापासून तर जास्तच. त्याचा पहिला प्रश्न होता, “मावशी, कॉलेजात चालतं, घरी का चालत नाही?” याचं उत्तर खरं तर कॉलेजच्या लॅब असिस्टंटकडे असतं. जून महिन्यात तो बिचारा एकेका मशीनपाशी बसून सगळं लावून ठेवतो. मुलं येतात, आयकॉनवर दोनदा क्लिक करतात, आणि प्रोग्रामिंग इथून सुरू होतं अशी त्यांची समजूत होते. स्वतःच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा काही टाकायची वेळ आली की कळतं, त्याच्याही आधी एक अख्खा विषय होता आणि तो कुणी शिकवलाच नाही. त्याला मार्क नाहीत, व्हायव्हात त्यावर प्रश्न नाही. मला विचाराल तर त्याला निदान एक प्रॅक्टिकल तरी द्यायला हवं.

केर्निगन आणि रिची यांना हे ठाऊक होतं. सी भाषेवरच्या त्यांच्या 1978 च्या पुस्तकात ‘हेलो, वर्ल्ड’ छापणारा पहिला प्रोग्राम आहे, आणि तिथेच त्यांनी सांगून टाकलंय की खरा अडथळा हाच: मजकूर कुठेतरी लिहायचा, तो कंपाइल करायचा म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचा, लोड करायचा, चालवायचा आणि उत्तर कुठे उमटलं ते शोधायचं. त्या प्रोग्राममध्ये डोकं चालवण्यासारखं काहीच नाही. तो चालला याचा अर्थ इतकाच, की मांडामांड नीट झाली.

या मांडामांडीत जे अडतं ते बहुतेक वेळा पत्त्यापाशी अडतं. वस्तू घरात असते, पण मशीन भलतीकडेच शोधत असतं. भाच्याचंच बघा. सीच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी ‘स्टडीआयओ डॉट एच’ ही फाइल उघडता येत नाही, असं टर्बो सी म्हणत होतं. फाइल होती, मी स्वतः बघितली. पण डॉसबॉक्सला ‘टर्बोसी थ्री’ हे फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडून दिलं होतं. म्हणजे डॉसबॉक्सच्या आतल्या सी ड्राइव्हची सुरुवातच त्या फोल्डरच्या आत होत होती, आणि ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीजखाली पत्ता मात्र बाहेरच्या, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हच्या हिशेबाने लिहिलेला. तो सुधारल्यावर स्टडीआयओ सापडलं.

मग ग्राफिक्स. तिथे चित्र काढण्याआधी ‘इनिटग्राफ’ या आज्ञेला ग्राफिक्सच्या फाइली कुठल्या फोल्डरात आहेत तो पाथ, म्हणजे पत्ता, द्यावा लागतो.

“मावशी, वर्तुळ येत नाहीये. ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड म्हणतंय.”

“इनिटग्राफमध्ये पाथ काय लिहिलायस?”

“जर्नलमधला. सी, टीसी, बीजीआय.”

“मध्ये बॅकस्लॅश एक की दोन?”

“एक. दोन कशाला?”

सी भाषेत अवतरणाच्या आत बॅकस्लॅशच्या पुढे टी आला की तो टॅब होतो, आणि बी आला की बॅकस्पेस. म्हणजे याने दिलेल्या पत्त्यात कोलननंतर एक टॅब, मग सी, मग बॅकस्पेस आणि उरलेलं जीआय. असल्या पत्त्यावर कोण पोचणार? दोन बॅकस्लॅश दिले की त्यांचा एक साधा बॅकस्लॅश होतो. पण तेवढ्यानेही काम झालं नसतं म्हणा, कारण टीसी नावाचं फोल्डर जर्नल लिहिणाऱ्या सिनियरच्या मशीनवर होतं. जर्नल पिढ्यान् पिढ्या उतरवली जातात, त्यामुळे त्यातले पत्तेही कुठल्या तरी जुन्या लॅबचे असतात.

सी सुटलं की पुढल्या वर्षी जावा येतं आणि त्याच्याबरोबर ‘पाथ’. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली ही सोय साधीच आहे. नुसतं नाव टाइप केलं तर ते कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं, याची ती यादी. विंडोजवर तिच्यात अर्धविराम घालत जायचं. यादी वाचायची क्रमाने, आणि पहिला जो सापडेल तो घ्यायचा. सगळी मेख या ‘पहिला सापडेल तो’मध्ये आहे. पुण्यात कुणी ‘मारुतीपाशी भेटू’ म्हणावं आणि आपण वाटेत आधी लागलेल्या जिलब्या मारुतीशी थांबावं. ज्याला भेटायचं तो भिकारदास मारुतीशी ताटकळत उभा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. जुनं जावा यादीत वरच्या नंबरला असेल तर नवं कितीही वेळा इन्स्टॉल करा, उत्तर जुनंच देणार. अशा वेळी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘व्हेअर जावा’ असं विचारावं. जितक्या ठिकाणी सापडतं ती सगळी ठिकाणं क्रमाने छापली जातात.

आणि पाथ सुधारला तरी उघडी असलेली काळी खिडकी तो मानत नाही. प्रत्येक खिडकीला जन्मताना त्या वेळच्या यादीची प्रत मिळते. नंतर काय बदललं याची तिला खबर नसते. ती बंद करून नवी उघडायची. फोनवर हे सांगितलं की पलीकडे शांतता पसरते, मग “अगं, झालं!” ऐकू येतं. आपल्याकडे सगळ्यावर ‘रिस्टार्ट कर’ हा उतारा चालतो तो उगाच नाही. खरं तर खिडकी बदलली तरी भागतं, पण तेवढं समजावण्यापेक्षा रिस्टार्ट सोपा पडतो.

पायथॉन दिसायला सगळ्यांत गरीब. पण इन्स्टॉलरच्या पहिल्या पानावर तळाशी पाथमध्ये घालण्याची एक चौकट असते, तिच्यात आपण होऊन टिक नसते, आणि घाईत नेक्स्ट नेक्स्ट करणाऱ्याच्या नजरेला ती पडत नाही. पुढे एकाच मशीनवर तीन-तीन पायथॉन होतात. पायथॉनला लागणारं जादा सामान आणून देणारं ‘पिप’ एकात सामान भरतं, प्रोग्राम दुसरा चालवतो, आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं. ‘पायथॉन वजा एम पिप’ असं लिहिलं की सामान ज्याचं त्याच्याकडे जातं. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली करून देणारं ‘व्हेनव्ह’ 2012 पासून पायथॉनबरोबरच मिळतं, ते वापरलं तर निम्मी भांडणं मिटतात. भाच्याने मात्र वेगळीच गंमत केली. पडद्यावर कासव फिरवून चित्रं काढणारं पायथॉनचं ‘टर्टल’ शिकायचं म्हणून फाइलला नाव दिलं ‘टर्टल डॉट पाय’. पायथॉन आधी चालू प्रोग्राम ज्यात आहे त्याच फोल्डरात बघतं, त्यामुळे टर्टल मागितलं की त्याला त्याचीच फाइल मिळायची. कासव काही पुढे सरकेना.

“म्हणजे इथेही पहिला सापडेल तो?” त्याने स्वतःहून विचारलं. मला एवढा आनंद झाला की त्या खुशीत पुढचा अर्धा तास मी त्याला एडिटरही लावून दिला, खाली कोपऱ्यात योग्य पायथॉन निवडून.

कासवाने चौकोन काढला. मग षट्कोन. तेवढ्यात पायथॉनची नवी आवृत्ती आल्याचं त्याला कुठेतरी दिसलं.

“टाकू का गं मावशी?”

ती टाकली की ती वेगळ्या फोल्डरात बसणार, आत्तापर्यंत भरलेलं सामान जुन्याकडेच राहणार आणि पाथमध्ये कोण आधी यावरून पुन्हा रात्री अकराला फोन. मी म्हटलं, सबमिशन होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.